सानिकाचा उजवा पाय

लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट म्हणून माझी सगळी नोकरी नागपुरात झाली, आणि त्या सगळ्या काळात लोकांनी आमच्या कामाला एकच नाव दिलं: मालिश. आमचं केंद्र एका धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या बाजूला होतं. फाटकावरचा चौकीदार कडेवर पोर घेऊन आलेल्या बायांना हात करून सांगायचा, "मालिशवाल्या मॅडम तिकडं बसते." सुरुवातीला मला राग यायचा. एवढं शिकून, परीक्षा देऊन शेवटी मालिशवाली? पुढे राग निवला. उन्हातून आलेल्या त्या बाईला मी कोण आहे यापेक्षा खोली कुठे आहे हे कळणं जास्त गरजेचं होतं.

मालिश आम्ही करतच नाही असं नाही, पण ते कामातलं सगळ्यात छोटं काम. जन्मताना किंवा त्याआधी ज्या बाळाच्या मेंदूला इजा होते, त्याचे हातपाय मुळात चांगलेच असतात. वरून येणारा हुकूम चुकतो. स्नायू सैल सोडायचा तेव्हा तो आवळतो, मान धरायची तेव्हा ती लुढकते. मेंदूतली इजा भरून येत नाही. आम्ही एवढंच बघतो की सांधे आखडू नयेत, हाडं वाकडी होऊ नयेत, मूल टेकून का होईना बसावं, घास नीट गिळावा, समोरच्या वस्तूकडे हात न्यावा. त्यातलं माझ्या खोलीत होतं ते आठवड्यातला थोडा वेळ. बाकी सगळं घरी. म्हणजे खरं काम घरची माणसं करतात, आणि ती माणसं झोपतात का, जेवतात का, एकमेकांशी बोलतात का, यावर त्या मुलाचा पाय अवलंबून असतो. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

माणसं नाना तऱ्हेची यायची. पारशिवनीकडचे एक आजोबा होते. नातू व्यायाम करायला तयार नसायचा, म्हणून ते स्वतः धोतर आवरून त्याच्या शेजारी सतरंजीवर पडायचे आणि मी सांगेन ते सगळं आधी आपण करून दाखवायचे. वर्षभर न चुकता येत राहिले. नातवात फार फरक पडला नाही. आजोबांचा जुनाट गुडघा मात्र ठणठणीत झाला. जाताना त्यांनी मला हात जोडले आणि रडले. "माह्या गुडघ्यासाठी नव्हतो आलो ना, बाई," म्हणाले.

पण दिवाळी अंकासाठी आठवणी लिहायला बसले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एकच घर आलं. नावं बदलून लिहिते आहे.

प्रणाली पहिल्यांदा आली तेव्हा तिचा वेदू दीड वर्षाचा होता. जन्मताच रडला नव्हता, काही दिवस काचेच्या पेटीत होता. आता डोळे टपोरे, हसणं गोड, आणि मान मात्र तान्ह्या बाळासारखी. उजवा पाय काठीसारखा ताठ. प्रणाली पंचविशीच्या पुढची, बारीक, चटपटीत. तिचा नवरा मंगेश इतवारीत मालाचा टेम्पो चालवायचा. भांड्यांच्या दुकानांचा माल, धान्याची पोती, जे मिळेल ते. त्या दिवशी तोही आला होता, पण दाराशीच उभा राहिला. सगळे विचारतात तेच त्यानंही विचारलं, कधी चालन म्हणून. मी नेहमी सांगते तेच सांगितलं, की आधी मान धरू द्या, मग बसू द्या, पायांचं त्यानंतर बोलू. तो निघून गेला आणि पुढे कितीतरी दिवस आला नाही.

प्रणाली मात्र आमच्या केंद्राची शान झाली. एकदा दाखवलेलं ती विसरायची नाही. पाय कसा सोडवायचा, मुठीतला अंगठा बाहेर कसा काढायचा, भरवताना हनुवटीला बोटाचा आधार कसा द्यायचा, सगळं तिच्या हातात बसलं. वेदूला गिळायला त्रास होता. पातळ वरण घशाऐवजी श्वासनळीकडे जायचं आणि त्याची छाती भरायची. पहिल्या हिवाळ्यात एकदा चांगलीच भरली, दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथेही प्रणाली रात्रंदिवस त्याला उभा धरून बसली आणि त्याला त्यातून बाहेर काढलं. मी नव्या आयांना सांगायचे, जरा प्रणालीचे हात बघा. तिला ते आवडायचं. हसायची आणि अजून जोर लावायची.

वर्षभरानं मी त्यांच्या घरी गेले. आम्हाला घर बघावं लागतं: मूल कुठे झोपतं, कुठे बसतं, उंबरे किती आहेत. गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. मंगेशचे वडील हातमागावर लुगडी विणायचे. माग केव्हाच मोडून गेला होता, पण विणकर ज्यात पाय सोडून बसतो तो जमिनीतला खड्डा तसाच होता, वर फळी टाकलेली. मी फळी काढायला लावली आणि वेदूला काठावर, मागून आधार देऊन, पाय खाली सोडून बसवून पाहिलं. पाठ सरळ राहिली, पायही टेकले. मंगेशच्या आई शांताबाई पदर तोंडाला लावून बघत होत्या. "याचा आजा असाच बसे," म्हणाल्या.

त्या सगळ्या वेळात आठ वर्षांची एक मुलगी आमच्या भोवती फिरत होती. टॉवेल म्हटलं की टॉवेल, उशी म्हटलं की उशी, वेदूच्या पायाची पट्टी कुठल्या डब्यात असते हे तिलाच ठाऊक. ही सानिका, वेदूची मोठी बहीण. शांताबाई म्हणाल्या, पोरगी लई समजदार आहे, कधी काही मागत नाही. मीही तिची पाठ थोपटली. न मागणारं मूल कुणाला आवडत नाही?

घर बघायला गेलं की भिंतीपेक्षा माणसं जास्त दिसतात. प्रणाली आणि मंगेश एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते. तिनं लग्नाकार्याला जाणं सोडलं होतं, कारण लोक वेदूकडे बघायचे आणि मग तिच्याकडे. माहेर मौद्याजवळच्या गावात, एका तासावर, पण वेदू झाल्यापासून ती राहायला गेली नव्हती. झोप तुकड्यातुकड्यांची. आणि मंगेशनं आपल्या मुलाला उचललेलं मी एकदाही पाहिलं नव्हतं. तो उशिरा घरी यायचा आणि आल्यावर बाहेर ओट्यावर बसायचा. प्रणालीला वाटायचं, त्याला पोराची लाज वाटते.

मी त्याला केंद्रात बोलावून घेतलं. आला, पुन्हा दाराशीच. मी वेदूला उचलून सरळ त्याच्यापुढे धरलं. तो एक पाऊल मागे गेला.

"मॅडम, मी दिवसभर पोते उचलतो," तो खाली बघत म्हणाला. "पन याले उचलाले भेव लागते. माह्या हातानं काही मोडलं तं?"

लाजेचा काही संबंध नव्हता. एवढा दणकट माणूस दोन वर्षं आपल्या लेकराला भीत होता आणि हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. मी त्याला खाली बसवलं आणि वेदूला त्याच्या छातीला पाठ लावून मांडीवर दिलं. वेदूनं मान मागे टाकली आणि बापाच्या हनुवटीकडे बघून हसला. त्या दिवसापासून मंगेश कधीतरी त्याला घ्यायला लागला. पण कधीतरीच. घरी प्रणाली लगेच म्हणायची, असं नाही, द्या इकडं. तिचा विश्वास फक्त आपल्या हातांवर होता, आणि तो विश्वास तिला मीच शिकवला होता.

पुढच्या पावसाळ्यात सानिका शाळेत पडली. प्रार्थनेला उभी असताना उजवा पाय गेला म्हणाली आणि बसली ती उठेना. घरी उचलून आणलं. पाय हलेना. दवाखाने झाले, एक्स-रे झाले, डोक्याचा आणि पाठीचा फोटो झाला. कुठे काही सापडलं नाही. एका डॉक्टरनं तिच्यादेखत सांगितलं की पोरगी नाटक करून राहिली. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी शहाणपणानं तिला माझ्याकडे पाठवलं.

मंगेशनं तिला पाठुंगळी आणलं. प्रणाली वेदूला घेऊन मागून. तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. एकाच्या पायाचं काय करायचं ते कळलं होतं, आता दुसरीचा पाय गेला होता.

मी सानिकाला सतरंजीवर निजवलं. उजवा पाय उचल म्हटलं, तर तिच्या कपाळावर घाम आला पण पाय हलला नाही. ती खरंच जोर लावत होती. आमच्याकडे एक साधी तपासणी असते. माणूस पाठीवर पडून एक पाय उचलतो तेव्हा दुसऱ्या पायाची टाच आपोआप खाली दाबली जाते, तोल सांभाळायला. मी सानिकाच्या उजव्या टाचेखाली हात ठेवला आणि तिला डावा पाय उचलायला सांगितला. उजवी टाच माझ्या तळहातावर चांगली जोरात दाबली गेली. पायात ताकद होती.

याला नाटक म्हणत नाहीत, हे मी मुद्दाम लिहिते. नाटक करणाऱ्याला आपण नाटक करतो हे माहीत असतं. सानिकाला माहीत नव्हतं. तिचा पाय तिच्यासाठी खरोखर बंद पडला होता, आणि बंद पडला होता तोही वेदूसारखा उजवाच.

मी सगळ्यांना बाहेर बसवलं आणि तिच्याशी इकडचं तिकडचं बोलत राहिले. शाळेत कोण बाजूला बसतं, काय आवडतं. मग विचारलं, पाय दुखतो का?

"दुखत नाही."

"काय केलं की बरं वाटतं?"

तिनं छताच्या पंख्याकडे नजर वळवली. "आई पाय धरून बसली का बरं वाटते," म्हणाली. "परवा बसली होती. मग वेदू रडला."

प्रणालीला मी हे सांगितलं तेव्हा ती आधी चिडली. एवढी मोठी पोट्टी, तिला कळत नाही का, मी काय मजा करून राहिली का, असं बरंच बोलली. मी बोलू दिलं. बोलता बोलता तिचा आवाज बसत गेला. तिनं आपले दोन्ही हात माझ्या टेबलावर पालथे ठेवले. बोटांच्या पेरांना तेलानं आणि घासण्यानं काळे चरे पडलेले.

"मॅडम, हात तं दोनच आहे ना माह्याकडं," ती म्हणाली.

मंगेश शेजारी बसला होता. त्या दोघांना मी एकत्र असं पहिल्यांदाच समोर बसवलं होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी उपचार ठरवून दिला आणि तो उपचारासारखाच ठामपणे सांगितला. रोज संध्याकाळी प्रणालीनं सानिकाच्या दोन्ही पायांना तेल लावायचं, तिच्याशी बोलायचं, आणि तेवढा वेळ वेदूचा व्यायाम मंगेशनं करायचा. वेदू रडला तरी प्रणालीनं उठायचं नाही. सानिकाला टॉवेल, पट्टी, उशी काही आणायला सांगायचं नाही. आणि पायाबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही.

पहिले काही दिवस वाईट गेले. मंगेशचा हात अवघडायचा, वेदू ओरडायचा, प्रणाली दात आवळून सानिकाचे पाय चोळत बसायची. पण मंगेश शिकला. प्रणालीइतका सफाईदार नाही, पण वेदूला खड्ड्याच्या काठावर बसवून तो टेम्पोचा आवाज काढायचा आणि वेदू खिदळायचा. असं खिदळणं प्रणालीला त्याच्याकडून कधी काढता आलं नव्हतं. तिच्याकडे व्यायामच एवढा होता. सानिका आधी भिंत धरून उभी राहिली, मग लंगडत चालली, आणि नवरात्राच्या आसपास गल्लीत पळताना शांताबाईंना दिसली. कुणी काही बोललं नाही, सांगितल्याप्रमाणे. त्यानंतर नवी आई आली की मी मुलाला हात लावायच्या आधी विचारायला लागले, घरी अजून लहान कोण आहे?

त्या दिवाळीच्या आधी प्रणाली मला भेटायला एकटीच आली. सानिका मामाच्या गावाला जाऊ म्हणून मागे लागली होती. भाऊबीजेला दोघींनीच जावं, दोन रात्री राहावं, असं तिच्या मनात होतं. मंगेश तयार होता, शांताबाई होत्या. पण प्रणालीचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नव्हता. मी म्हटलं, अवश्य जा. कुणीही जाणत्या माणसानं तेच सांगितलं असतं, आणि आजही मी तेच सांगेन.

ती गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी वेदूला ताप आला. मंगेशनं वाट बघितली नाही. छातीचा आवाज ऐकला आणि टेम्पो तसाच सोडून ऑटोनं त्याला दवाखान्यात नेलं. प्रणालीला फोन केला. ती संध्याकाळपर्यंत पोचली. वेदूनं तिला ओळखलं, तिच्याकडे बघितलं. त्यानंतर त्याला यंत्रावर ठेवलं आणि तो तिथून परत आला नाही. प्रणाली आणि मंगेश दोघंही त्याच्याजवळ होते. मी गेले तेव्हा डॉक्टर त्यांना सांगत होते की अशा मुलांची छाती फार लवकर भरते, आणलं ते वेळेवरच आणलं. मंगेश मान हलवत होता. प्रणाली ऐकत नव्हती.

तिनं रडणं सोडाच, बोलणंही बंद केलं. मी घरी दोनदा जाऊन आले. तिला सांगितलं की त्या पहिल्या हिवाळ्यात तू घरात असतानाच त्याची छाती भरली होती, तुझ्या असण्या-नसण्याशी याचा संबंध नाही. मंगेशनं सांगितलं. तिच्या आईनं सांगितलं. ती भिंतीकडे बघत राहायची. ताटातले दोन घास चिवडून ताट बाजूला सारायची. आणि शांताबाई, ज्यांनी त्या नातवाला खड्ड्याच्या काठावर धरून तासन्‌तास गाणी म्हटली होती, त्या दुःखानं वेड्या होऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, भाऊबीज काय पुढच्या सालाले आली नसती? मंगेश एकदा आईवर ओरडला. पण बोललेलं घरात राहूनच जातं.

तेरवीला मी गेले. जवळची माणसं जेवून गेली होती. आतल्या खोलीत प्रणाली, शांताबाई आणि मी. मंगेश दाराशी उभा. खड्ड्यावर पुन्हा फळी टाकलेली होती. सानिका माझ्याजवळ येऊन बसली. तिच्याकडे इतक्या दिवसांत कुणाचं लक्ष गेलं असेल असं वाटलं नाही. वेणी घातलेली नव्हती. ती माझ्या कानाशी बोलली, पण खोली लहान होती, सगळ्यांना ऐकू गेलं.

"मॅडम, मी आईले मामाच्या गावाले नेलं म्हणून वेदू गेला काय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. माझ्या आधी प्रणाली बोलली. इतक्या दिवसांनी आवाज फुटत होता, घोगरा.

"इकडं ये."

सानिका उठून तिच्यापुढे उभी राहिली. प्रणालीनं तिचे दोन्ही दंड धरले.

"तू नाही नेलं मले. मीच गेली. मायच्या घरी जाचं माह्याच मनात होतं. मी इथं असती तरी तो गेला असता. त्याची छातीच कमजोर होती. बाबानं टाइमावर नेलं. डॉक्टरनं केलं जेवढं होतं तेवढं. कोनामुळं नाही गेला तो, समजलं? तुह्यामुळं नाही." तिनं लेकीचे दंड आणखी घट्ट धरले. "माह्यामुळंबी नाही."

आम्ही सगळ्यांनी तिला जे सांगून पाहिलं होतं, तेच ती लेकीला सांगत होती, शब्द न् शब्द. तिला ते स्वतःला किती पटलं होतं, मला माहीत नाही. पण लेकीला पटायला हवं असेल तर ते तिलाच म्हणावं लागणार होतं, आणि ती ते म्हणाली. मग सानिकाला छातीशी धरून रडली. मंगेश दारातून आत आला आणि त्या दोघींजवळ जमिनीवर बसला.

बऱ्याच वेळानं प्रणालीनं डोळे पुसले आणि सानिकाला विचारलं, जेवली का तू? ती नाही म्हणाली. प्रणाली उठली, दोन ताटं वाढून आणली, एक लेकीपुढे ठेवलं, एक आपल्यापुढे. वरणभात कालवला आणि घास तोंडात घातला. शांताबाई इतका वेळ कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या हात टेकून उठल्या, माठातून तांब्या भरला, आणि सुनेच्या ताटाजवळ आणून ठेवला.